अण्णा, मी तालीम समजलो

अण्णा,

रविवारी तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. विहारात जागा पुरली नाही, माणसं पार रस्त्यापर्यंत बसली होती. वंदना झाली आणि मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलायला लागला. तुला असल्या भाषणांचा किती कंटाळा, हे माहीत असूनही कुणी आटोपतं घेतलं नाही. 'अंधश्रद्धेशी लढणारा आमचा टीव्हीवाला' हे मी पाच जणांच्या तोंडून ऐकलं. शेवटी माझं नाव पुकारलं. मी माईक हातात घेतला, 'सगळे आलात, बरं वाटलं' एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, धाकट्या भावाला गहिवरून आलं. गहिवर वगैरे काही नव्हता. मी थकलो होतो, आणि मला जे बोलायचं होतं ते तिथं बोलण्यासारखं नव्हतं.

ते असं आहे. तू जायच्या चार दिवस आधी, मंगळवारी दुपारी, तू मला तुझ्या पोटावर हात ठेवायला सांगितलंस आणि मी ठेवला नाही. मला वाटलं, तू माझी परीक्षा घेतोयस. तेव्हापासून मी एवढंच धरून बसलोय. तू खरंच मागत होतास, की नेहमीसारखी तालीम घेत होतास? ज्याला विचारायचं तोच उठून गेला.

दुसऱ्या कुणाला हे सांगायला गेलो तर तो म्हणेल, भावानं पोटावर हात ठेव म्हटल्यावर परीक्षा कसली? त्याला मग तुझं दुकान सांगावं लागेल. भोरच्या बाजारातली ती दहा बाय आठची खोली, चहूबाजूंनी पोट उघडं पडलेले टीव्ही, आणि तुझा तो नियम, की दुरुस्त झालेला सेट लगेच गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. दोन तास चालू ठेवायचा. तापला की लपलेला दोष बाहेर येतो म्हणायचास. त्या दोन तासांत समोर जे लागेल ते आपण बघायचो. मी शाळेतून सुटलो की सायकल लावून थेट तुझ्या स्टुलावर.

दुपारी एका चॅनलवर ती काउबॉयची मालिका लागायची. घोडे, धूळ, टोप्या, आणि सगळे हिंदी बोलणारे. गावातला कायदा सांभाळणारा जो होता, त्याला तू फौजदार म्हणायचास. एक दिवस कुणाचा तरी व्हीसीआर दुरुस्तीला आला होता, तो नीट टेप करतो का बघायला तू कोरी कॅसेट घातलीस, आणि नेमका तो भाग टेप झाला. त्या भागाचं नाव काय होतं ते आपल्याला कधीच कळलं नाही, कारण सुरुवातीची पाच मिनिटं गेली होती.

छत घातलेल्या घोडागाडीतून एक बाबा गावोगाव फिरतोय. पांढरे केस, काळा कोट, गोड आवाज. हात ठेवतो आणि माणसं बरी करतो. त्याचा एक साथीदार आदल्या दिवशीच वेगळ्या वाटेनं गावात येतो, कुबड्या घेऊन, परका लंगडा म्हणून. सगळे त्याची कीव करतात, जेवायला घालतात. दुसऱ्या दिवशी भर सभेत बाबा त्याच्या डोक्यावर हात ठेवतो आणि तो कुबड्या फेकून चालायला लागतो. मग गाव वेडं होतं. फौजदार तेवढा शांत उभा असतो. तो त्या लंगड्याला खुर्चीवर बसवतो, पाय वर घ्यायला लावतो, आणि लोकांना त्याचे बूट दाखवतो. दोन्ही तळ सारखे झिजलेले. लंगड्या माणसाचा एक बूट कोरा राहायला हवा की नाही? इथं तू दर वेळी मांडीवर थाप मारायचास.

पण आपला वाद शेवटावर होता. बाबाला हाकलून देतात. गाडी गावाबाहेर पडते तर वाटेत एक बाई उभी असते, कडेवर आजारी मुलगी. तिनं सगळं बघितलेलं असतं, बूटसुद्धा. तरी म्हणते, जाताना हिच्या डोक्यावर हात ठेवून जा. बाबा तिच्याकडे बघतो, खूप वेळ बघतो, आणि लगाम ओढून निघून जातो. भाग तिथं संपतो.

"त्याच्या जल्मातलं पयलं खरं काम," तू म्हणालास.

मी म्हणालो, "ठेवला असता तर काय बिघडलं असतं?"

तू सोल्डरिंगची गन खाली ठेवलीस आणि माझ्याकडे असं बघितलंस की जणू मीच त्या घोडागाडीतून आलोय.

पुढं काही वर्षांनी त्या कॅसेटवरून आपला कार्यक्रम सुरू झाला. टीव्ही गोधडीत गुंडाळून टेम्पोत घालायचा, भोर नाही तर वेल्ह्याकडच्या एखाद्या गावातल्या शाळेत लावायचा, तो भाग दाखवायचा, तू शेजारी उभा राहून हिंदीचं मराठी करायचास. आणि त्याच्याही आधी, लोकांना काही कळू न देता, आपण तेच करून दाखवायचं. तू सकाळच्या एसटीनं कुबड्या घेऊन पुढं जायचास. मी दुपारी टेम्पोतून पांढरा झगा घालून. मी बाबा, तू लंगडा. मी हात ठेवायचो, तू कुबड्या टाकून चालायचास, टाळ्या पडायच्या, आणि मग तू हसत सगळं उलगडून सांगायचास.

मला बाबा का केलंस ते मी तुला कधी विचारलं नाही. मी तेव्हा चार माणसांत तोंड उघडत नव्हतो. नुकताच मास्तर झालो होतो आणि वर्गात जायची भीती वाटायची. त्या झग्यात मी मोठ्यानं बोलायला शिकलो. आज पन्नास पोरं गप करायला मला नुसतं घसा साफ करावा लागतो, हे तुझं देणं आहे. तू असताना हे सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर 'बास की आता' म्हणाला असतास, म्हणून राहिलं.

मग हिर्डोशी गावातलं ते झालं. शाळेच्या पडवीत कार्यक्रम संपला होता, आपण टीव्ही बांधत होतो. वरच्या धनगरवाड्यावरून एक आजी आली होती, शेळी घेऊन, दोन तास डोंगर उतरून. ती माझ्याजवळ आली, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि म्हणाली, "बाबा, हितं हात ठिवा."

मी म्हणालो, "आजी, आम्ही सोंग केलं. मी बाबा नाही, मास्तर आहे."

"व्हय, बघितलं की म्या समदं. झ्याक केलं सोंग. आता ठिवा."

माझा हात पुढं गेला होता, अण्णा. तू मनगट धरलंस. "न्हाई आजी," तू म्हणालास. "दवाखान्यात चला. गाडीत जागा हाय."

"दवाखान्यात जाऊन आले म्या. गोळ्या हायत. पन तितं हात कोन लावतंय?" ती काही रागावली नाही. लुगडं खाली सोडलं, शेळीचं दावं सोडवलं आणि डोंगराच्या वाटेला लागली.

परत येताना धरणाच्या पाण्याकडेनं आपण भांडत आलो. मी म्हणालो, तिला सगळं कळत होतं, हात ठेवायला आपलं काय जात होतं? तू म्हणालास, "आज गुडघा. उद्या साप चावलेलं पोर आनून घालतील तुज्या म्होरं. मग काय करशील? ठिवशील हात?" मला पटलं नव्हतं, आणि तुलाही ते माहीत होतं. तो वाद आपण पुढची वीस वर्षं पुरवून पुरवून वापरला.

त्या आजीपासून तुझ्या तालमी सुरू झाल्या. प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी दुकानात तू गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसायचास आणि कुणीतरी व्हायचास. कधी मुक्या पोराचा बाप, कधी अंगात कणकण असलेली म्हातारी. डोळ्यांत खरं पाणी आणायचास. "हात ठिवा वो बाबा, म्या लई लांबनं आलोय." माझा हात जरा जरी हलला की फटका. "नापास." बरोबर उत्तर एकच होतं. दवाखान्यात चला, गाडीत जागा हाय. मी किती वेळा नापास झालो याला गणती नाही. तुझा चेहराच तसा व्हायचा. शेवटी शेवटी मी तुझ्या तोंडाकडं बघायचंच सोडून दिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून उत्तर द्यायला लागलो, आणि मग पास व्हायला लागलो.

शिवऱ्याचा विषय तू कुणाला काढू द्यायचा नाहीस. आज काढतो, रागावू नकोस. त्या गावाजवळ हायवेला एक खराखुरा बाबा टेम्पो घेऊन आला होता. कर्णा, मंडप, पाण्याच्या बाटल्या. आपण दोघं गर्दीत शिरलो. पुढच्या रांगेत एक माणूस कुबडी घेऊन बसलेला, एक पाय वाळलेला दिसत होता पण पायजम्यात नीट कळत नव्हतं. तुझी नजर त्याच्या चपलांवर गेली आणि तुझ्या अंगात फौजदार शिरला. तू त्याची चपलांची जोडी उचलून धरलीस आणि ओरडलास, "बगा, दोनी तळ सारके झिजल्यात. ह्यो सोंगाड्या हाय."

तो माणूस हळू आवाजात म्हणाला, "चपला भावाच्या हायत, सायेब. माज्याकडं न्हाईत म्हून घालून आलो."

सगळा मंडप हसला. बाबासुद्धा हसला. तो माणूस मात्र कुबडी घेऊन उठून गेला. त्याचं दुकान त्या दिवशी दुप्पट चाललं आणि संध्याकाळच्या आत तो हायवेनं निघूनही गेला. तू दुसऱ्या आठवड्यात त्या माणसाचं घर शोधत गेलास, माफी मागायला. मी बरोबर होतो. त्यानं चहा केला. राग नव्हताच त्याच्या बोलण्यात, म्हणूनच जास्त लागलं असावं तुला. तो एवढंच म्हणाला, "तुमी मदी आला नसता तर माजा लंबर आला असता. फुडं तिसराच व्हतो म्या."

"त्यानं काय पाय बरा झाला असता का?" तू विचारलंस.

"न्हाई," तो म्हणाला. "त्ये मला बी कळतंय."

त्यानंतर वर्षातून दोन-तीनदा तू त्याच्याकडं जायचास, त्याचा टीव्ही बघून यायचास, बिघडलेला नसला तरी. मला बाकी काही बोलला नाहीस आणि मीही छेडलं नाही. आता वाटतं, छेडायला हवं होतं. त्या माणसाच्या ओट्यावर तुझं मत थोडं हललं असेल, तर मला ते कळायला हवं होतं. कारण तालमी काही तू बंद केल्या नाहीस. टीव्ही जाऊन लॅपटॉप आला, कॅसेट जाऊन पेनड्राइव्ह आला, आणि तू तसाच खुर्चीवर बसून डोळ्यांत पाणी आणत राहिलास. मग मी काय समजायचं होतं?

पोटातली गाठ कळली तेव्हा उशीर झाला होता. पुण्याच्या दवाखान्यातून तुला घरी पाठवलं, आणि घरी का पाठवतात ते आपल्या तिघांनाही कळत होतं. मी, तू आणि वहिनी. नातेवाईकांनी मात्र आशा सोडली नव्हती. कुणी अंगारा घेऊन आलं, कुणी ताईत. ताईत तू उलटा करून त्याचं सोल्डरिंग बघितलंस आणि म्हणालास, "टाका चांगला मारलाय." ताईतवाला पाय आपटत गेला. मला बरं वाटलं. वाटलं, अण्णा आहे तसाच आहे.

मंगळवारी मी शाळा सुटल्यावर आलो. तू खिडकीजवळच्या खाटेवर, वहिनी आत पेज करत होत्या. मी दाराजवळच्या खुर्चीत बसलो आणि मोबाईल काढला. शाळेच्या ग्रुपवर काहीतरी चाललं होतं. तू म्हणालास, "बाळू, जरा बाबा व्हतो का?"

"कशाला?"

"हितं लई वढतंय." तू सदरा वर केलास. "ठिव की वाईच हात. म्या लई लांबनं आलोय."

ते वाक्य, अण्णा. ते तू म्हणायला नको होतंस. मुक्या पोराचा बाप तेच म्हणायचा, कणकणवाली म्हातारी तेच म्हणायची. तुझे डोळे भरले होते, पण तुझे डोळे नेहमीच भरायचे. मी सवयीनं तिथल्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं आणि बाबाच्या आवाजात म्हणालो, "दवाखान्यात चला आजोबा. गाडीत जागा हाय."

तू हसलास. ठसका लागेपर्यंत हसलास. मीही हसलो. मग तू सदरा खाली घेतलास, 'पंखा कमी कर' म्हणालास आणि भिंतीकडं तोंड करून पडलास. मी पंखा कमी केला. घरी जाताना मी खूश होतो, हे लिहायला लाज वाटते. बायकोला सांगितलं की आज अण्णा अगदी पहिल्यासारखा होता.

शनिवारी पहाटे तू गेलास.

तेव्हापासून माणसं येतायत. चहा, पाणी, तेच ते प्रश्न, तीच उत्तरं. कधीपासून होतं, कुठं दाखवलं, शेवटी बोलत होता का. मी सगळ्यांना सगळं सांगतो, मंगळवार सोडून. भोंगवलीच्या हेडमास्तरांचा फोन आला, पुढच्या महिन्यातला कार्यक्रम ठेवायचा की रद्द करायचा. उद्या कळवतो म्हणालो. तीन दिवस माझा उद्याच चालू आहे. लंगडा कोण होणार, हा प्रश्न आहेच. पण त्याच्या आधी मला झगा घालवेल की नाही, तेच माहीत नाही. तुझ्यावर मला रागही येतो, हे सांगून टाकतो. आयुष्यभर खोटं रडून दाखवलंस आणि खरं रडायची वेळ आली तेव्हा तेच वाक्य वापरलंस. माणसानं ओळखायचं कसं?

काल विहाराच्या सतरंज्या परत करायच्या होत्या म्हणून तुझ्या घरी गेलो. वहिनी एकट्याच होत्या. सतरंज्यांच्या घड्या घालता घालता मी विचारलं. सरळ विचारलं. म्हणालो, वहिनी, मंगळवारी मी गेल्यावर अण्णा काही म्हणाला का?

त्यांनी सतरंजीचं टोक सोडलं नाही. "आदी हसत व्हते," त्या म्हणाल्या. "म्हनले, पास झाला बग बाळू. आता कुनी बी येऊ दे म्होरं, चुकायचा न्हाई."

मला केवढं हलकं वाटलं असेल, तुला कल्पना आहे. तालीमच होती तर. मी खाली बसलो.

वहिनींनी घडी पुरी केली, बाकीच्या घड्यांवर ठेवली. "मग रडले," त्या म्हणाल्या. "म्या हात ठिवला पोटावर, तर म्हनले, तुजा रोजच असतोय. आज त्याचा पायजे व्हता."

त्यांनी हे मला टोचायला सांगितलं नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं. नंतर चहा केला. मी प्यालो.

वीस वर्षं आपण बाबानं हात ठेवावा का यावर भांडलो, अण्णा. तू बाबाकडं मागितलंच नव्हतंस. खुर्चीत मी बसलो होतो, तुझा भाऊ, आणि मी बाबाच्या आवाजात तुला उत्तर दिलं. आता तू बरोबर होतास की मी, याच्याशी मला काही देणंघेणं उरलेलं नाही. वाद तू घेऊन जा. मला फक्त ती मंगळवारची दुपार परत पाहिजे, आणि तीसुद्धा सगळी नको, पेज शिजायला लागते तेवढीच. मी मोबाईल खिशात घातला असता. खुर्ची दारापासून उचलून खाटेला लावली असती. हात गार होता माझा, तो आधी चोळून घेतला असता. मग ठेवला असता. नेमका कुठं, ते तू सांगितलं असतंस.